पाव गॅलन आणि दीड मैल

अप्पा, आज सकाळी गॅरेजवर पुन्हा एक गिऱ्हाईक तेच विचारत आलं. गाडी जुनी, छोटी, सीटा फाटलेल्या. म्हणाला, "शेठ, काही करा, पण ॲव्हरेज वाढवून द्या." मी विचारलं, "गाडी चपला घालून चालवता की अनवाणी?" मग मी चारही चाकं जॅकवर घेतली आणि एकेक हातानं फिरवून पाहिलं. मागचं डावं चाक अर्ध्या फेऱ्यातच अडलं. ब्रेक धरून ठेवत होता. म्हटलं, "तुमचं पेट्रोल इंजिन पीत नाही हो, हे चाक पितंय." तो खूश होऊन गेला आणि मी पाटावर बसलो. कारण ते वाक्य माझं नव्हतं, तुमचं होतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमची वाक्यं मी माझी म्हणून खपवतोय. म्हणून हे लिहायला घेतलं. दुपारचं ऊन आहे, पोरं जेवायला गेलीत, आणि मला एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे.

तेव्हा तुम्ही माझे कोणी नव्हता. गिरगावातल्या आमच्या वाडीत पुढचं दुमजली घर तुमचं, मागची चाळ आमची. तुमच्या आजोबांच्या वेळी म्हणे सगळी वाडीच तुमची होती. माझ्या वेळेपर्यंत तुमच्याकडे उरलं होतं ते अर्धं घर, गोदीच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कीचं पेन्शन, काकू, एक मुलगी आणि लढाईच्या आधीची ती विलायती बेबी गाडी. गाडी एवढीशी, की वाडीतली माणसं म्हणायची, अप्पा गाडीत बसत नाहीत, गाडी अंगात घालतात. आणि मी? मी एकोणीस वर्षांचा, डोक्याचा तापट, कॉलेज अर्ध्यावर सोडलेला. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. एका प्रोफेसरांनी वर्गात म्हटलं की मराठी माणसाला मुंबई मिळून करायचंय काय, त्याला कारकुनी पुरे. मी उठलो, पुस्तक बाकावर आपटलं आणि चालता झालो. खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी परत जाणार होतो. पण त्याच वर्गात तुमची मुलगी होती, आणि संध्याकाळपर्यंत तिनं सगळ्या वाडीला सांगितलं की त्यानं कसलं बाणेदारपणे कॉलेज सोडलं! झालं. आता परत कोणत्या तोंडानं जाणार? तिच्या एका "बाणेदार"पायी मी लालबागच्या एका गॅरेजात हात काळे करायला लागलो.

तिच्यावर माझा जीव होता हे वाडीत तुम्ही सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. तुमच्या घरात शिरायला मला कारण हवं होतं, आणि ते कारण तुमच्या ओसरीखाली चार चाकांवर उभं होतं. "अप्पा, गाडीचा आवाज बरा येत नाही," असं म्हणत मी एका रविवारी आलो. आवाज उत्तम येत होता. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि म्हणालात, "आवाजाचं राहू दे. ही खादाड झालीये. तिचं पोट कमी करता येतं का बघ. नाहीतर विकायची आहे." गाडी गेली म्हणजे माझे रविवार गेले.

आणि घेणारा तयारच होता. शिवाजी पार्कला राहणारा एक तरुण डॉक्टर, व्हिजिटला फिरायला त्याला छोटी गाडी हवी होती. तो गाडी बघायला आला तेव्हा काकूंनी कोबी-कोलंबीचं भानोळं केलं होतं, खाली विस्तव, झाकणावर विस्तव ठेवून भाजलेलं. त्यानं तीनदा मागून घेतलं. बॉनेट मी उघडून धरलं होतं, पण हा बघत होता जिन्याकडे, जिथे ती उभी होती. "इंजिन छान आहे," म्हणाला. इंजिन दुसऱ्या बाजूला होतं, अप्पा.

मला तुमचं स्वयंपाकघर अजून दिसतं. मी येऊन फुशारकी मारली होती की कार्ब्युरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक, बारीक करतो, पेट्रोल कमी जाईल, हिशेब संपला. तुम्ही मला दंडाला धरून आत नेलंत. काकू म्हणतायत, "अहो, सोवळ्यात आहे मी," आणि तुम्ही म्हणताय, "दोन मिनिटं फक्त, शाळा भरवतोय." पंपाचा स्टोव्ह पेटवलात. ज्योत पिवळी, भांड्याला काजळी. पिन मारलीत, ज्योत निळी झाली आणि सूं सूं आवाज लागला. "ही निळी तीच आपली. पिवळीत रॉकेल वाया. पण आता बघ," म्हणून तुम्ही हवा सोडून दाब इतका उतरवलात की ज्योत फडफडायला लागली, विझू विझू झाली. "आता रॉकेल कमी जातंय ना? मग ह्याच्यावर भात शिजवून दाखव." काकू पदरानं हसू दाबत होत्या. ती दारात उभी राहून म्हणाली, "मेकॅनिक, समजलं का? का पाटी-पेन्सिल आणू?" कान तापले माझे. समजलं होतं. पण तिच्यासमोर समजल्याचं दाखवायचं नव्हतं.

म्हणून मी ती चूक केलीच. गॅरेजातून जेटचं भोक झाळून बुजवलं, नवं बारीक भोक पाडून आणलं आणि तुम्हाला न विचारता बसवलं. दोन रविवार गाडी खरंच कमी प्यायली. मी वाडीभर छाती काढून फिरलो. तिसऱ्या रविवारी ऑपेरा हाउसच्या नाक्यावर गाडीनं कार्ब्युरेटरमधून अशी एक शिंक दिली की शेजारच्या व्हिक्टोरियाचा घोडा उधळला. व्हॉल्व्ह जळला होता. मी आणि तुम्ही, दोघांनी ती ढकलत वाडीत आणली. मी वाट बघत होतो तुमच्या ओरडण्याची. तुम्ही ओरडला असता तर मीही ओरडलो असतो, तेवढी माझी तयारी होती. तुम्ही कोट काढून खुंटीला लावलात आणि हळू आवाजात म्हणालात, "उपाशी ठेवून काम करून घेणारे साहेब मी गोदीत तीस वर्षं पाहिले. तू तसला होऊ नकोस. गाडीला जास्त का लागतं ते आधी बघ. तिला कोण मागे खेचतंय ते बघ." गॅरेजातल्या शिव्यांनी जे झालं नव्हतं ते त्या हळू आवाजानं झालं.

मग आपण बघायला लागलो. व्हॉल्व्ह घासून बसवला, जेट पूर्वीचं लावलं. चाकं उचलून फिरवली, तेव्हा चारातली दोन धरत होती. ड्रम उघडून साफ केले, गंजलेली हँडब्रेकची केबल ग्रीसमध्ये भिजत ठेवली. टायरमध्ये सायकलच्या पंपानं हवा भरताना मी घामाघूम, आणि तुम्ही वर गॅलरीतून मोजताय, "अजून वीस मार रे, अजून वीस!" प्लग काढून उन्हात धरायचे: काळा म्हणजे जास्त पितेय, पांढरा म्हणजे उपाशी, भाजलेल्या पावासारखा तांबूस म्हणजे तब्येत ठीक. मागच्या सीटखाली काय काय निघालं! तीन छत्र्या, दोन पाट, लोखंडी खलबत्ता आणि कफ परेडच्या कोळणीकडून घेतलेल्या सुक्या बोंबलांचं विसरलेलं पुडकं. काकू म्हणाल्या, "खलबत्ता राहू दे गाडीत, वेळेला लागतो." तुम्ही विचारलंत, "कसल्या वेळेला गं? रस्त्यात मसाला कुटणार आहेस?" दोन दिवस तुमचं बोलणं बंद होतं. आणि तुमची ती अनवाणी पायानं चालवायची सवय! अंगठ्याला पेडल कळलं पाहिजे म्हणायचात. वळण दिसलं की लांबूनच पाय काढून घ्यायचात, गाडी आपसूक मंदावायची. "ब्रेक मारला म्हणजे मागं जाळलेलं पेट्रोल फुकट," हे तुम्ही इतक्या वेळा म्हटलंत की पुढे ती ते तुमच्या आवाजात म्हणून दाखवायची.

दोन महिन्यांनी तुम्ही कसोटी सांगितलीत. पाव गॅलन पेट्रोल बाटलीत मोजून घ्यायचं. टाकीची नळी काढून ती बाटली बॉनेटच्या बाजूला, कार्ब्युरेटरच्या वर टांगायची. वाडीतून शिवाजी पार्कला डॉक्टरच्या दारापर्यंत जायचं आणि परत यायचं, अकरा मैल. "परत वाडीत आली तर गाडी माझी. वाटेत थांबली तर डॉक्टरांची. मी त्यांना तसं कळवलंय." बाटली कंपाउंडरकडची, औषधाची मोठी. डोसांच्या खुणांसाठी बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवतात ना, तशी पट्टी तिनं कातरली, अकरा खाचांची. चिकटवताना मला हळूच म्हणाली, "अकरा डोस. मैलाला एक. कमी पडला तर बघ हं." मी म्हटलं, "कमी पडला तर काय?" ती म्हणाली, "तर डॉक्टर चांगला आहे, असं पपा म्हणतात." आणि पट्टीवर अंगठा दाबत राहिली. त्या अंगठ्याकडे बघून मला पहिल्यांदा कळलं की ही एकट्या माझीच परीक्षा नाही.

त्या रविवारी निघालो तेव्हा तुमच्याशी माझं थोडं वाजलंच. तुम्हाला चळवळ पटत नव्हती. जुन्या मुंबईकराचा तुमचा तो सूर, "मुंबई कुणाच्या बापाची नाही, तिला आपली वेगळी राहू द्या. ह्या गिरण्यांतली माणसं कुठे विचारतात आम्हाला, आणि आम्ही तरी त्यांना कुठे?" गोळीबारात माणसं गेली तेव्हा तुम्ही दिवसभर जेवला नव्हता हे काकूंनी मला सांगितलं होतं, पण मत बदललं नव्हतं. मी तापलो. तिनं मागच्या सीटवरून माझ्या खांद्यात बोट खुपसलं, तेव्हा गप्प झालो. आणि मौज बघा: ज्यानं संयुक्त महाराष्ट्रापायी कॉलेज सोडलं, तोच मी, त्या संध्याकाळी शिवाजी पार्कला सभा आहे हे साफ विसरलो होतो. माझ्या डोक्यात फक्त अकरा खाचा होत्या.

भायखळ्यापर्यंत तुम्ही गाडी अशी नेलीत की बाटलीतलं पेट्रोल खाचेच्या वरच. लालबागला वळलो आणि रस्ता संपला. म्हणजे रस्ता होता, पण त्यावर माणसं होती. डिलाईल रोडच्या, काळाचौकीच्या चाळी रिकाम्या होऊन रस्त्यावर आल्यासारख्या. झेंडे, डफ, "झालाच पाहिजे!" गाडी मुंगीच्या पावलानं. इंजिन जागच्या जागी फुरफुरतंय आणि बाटलीत बुडबुडे येतायत. एक खाच गेली. अर्धी आणखी. ती मागून म्हणतेय, "पपा, बंद करा ना इंजिन," आणि तुम्ही म्हणताय, "बंद केलं तर हलणार कसं? मागून लोक येतायत." शेवटी बंद केलंत. मी दार उघडून उतरलो, पुढे गेलो, दंडाला फीत बांधलेल्या दोघा स्वयंसेवकांशी बोललो. तुम्हाला वाटलं असेल, हा आता भांडणार. पण मी परत आलो तेव्हा माझ्यामागे वीस-पंचवीस माणसं होती. कुणी मडगार्डला हात लावला, कुणी मागे. साधारण चाळिशीचा, मिशीवाला, गिरणीतला एक जॉबर, म्हणजे मुकादम होता, मालवणकडचा. तो तुमच्या खिडकीशी वाकून म्हणाला, "बाबानू, तुमी बसान रवा. आमी आसंव मां." आणि गाडी चालायला लागली, इंजिनाशिवाय.

तुमचा तो चेहरा मी विसरणार नाही. आधी तुम्ही घाबरला होता, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून. मग कुणीतरी खिडकीतून शेंगदाण्याची पुडी दिली. एक म्हातारा गिरणीवाला चालता चालता म्हणाला, "तुमच्यासारखी माणसं आमच्याबरोबर आली, आता काय भीती?" तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत आणि स्टिअरिंगवरचा एक हात काढून त्याच्या हाताला लावलात. परळ आलं, मागे पडलं. भोईवाड्याच्या पुढे गर्दी फाकली, रस्ता मोकळा झाला. ती माणसं "जय महाराष्ट्र" म्हणत पुढे गेली. तुम्ही टोपी काढून हातात घेतली होती. दीड मैल झाला होता, मी मीटरचा आकडा बघून ठेवला होता.

डॉक्टरच्या दारात चहा घेतला की नाही हेही मला आठवत नाही. आठवतं ते एवढं, की तुम्ही म्हणालात, "जरा मैदानाच्या कडेला थांबू." भाषणं ऐकत तुम्ही कठड्याला टेकून तासभर उभे राहिलात, अनवाणीच, चपला गाडीत होत्या. परत वाडीत शिरलो तेव्हा बाटलीत अजून एक डोस शिल्लक होता. मी गाडीतून उडी मारून ओरडलो, "अकरा मैल! वर एक डोस!" वाडी गोळा झाली. काकू ओवाळायला निघाल्या. तुम्ही हात वर केलात. "दीड मैल वजा कर."

"मैल ते मैल, अप्पा!" मी म्हटलं.

"लोकांचं बळ आपल्या बाटलीत धरायचं नसतं. साडेनऊ चालली, एक उरला, साडेदहा झाले. अर्धा मैल कमी." आणि जिन्यानं वर गेलात. मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. ओली बाटली हातात घेऊन ती पट्टी नखानं सोलत होती.

त्या रात्री मी काय काय ठरवलं ते लिहीत नाही, तापट पोराचे बेत ते. सकाळी तुम्ही मला हाक मारलीत. टेबलावर डॉक्टरच्या नावाची चिठ्ठी, दौत, टाक. म्हणालात, "पोचवून ये. गाडी देत नाही. आयुष्यात पहिल्यांदा शब्द मोडतोय, तसंच लिहिलंय." मी विचारलं, का? तुम्ही टाक पुसून ठेवलात. "जन्मभर मी ह्या शहरात राहिलो आणि मला वाटायचं, ती माणसं मला ओळखत नाहीत, मी त्यांना ओळखत नाही, आणि ते तसंच बरं. काल त्यांनी आपण होऊन हात लावला. ओळख ना देख. जिला त्यांनी आपण होऊन ढकलली, ती गाडी मी खादाड म्हणून विकू?" मग पुढे तुम्ही सभांना जायला लागलात. प्रत्येक पाहुण्याला ती गोष्ट सांगायचात, दर वेळी माणसं पाचानं वाढायची. मुंबईसकट राज्य झालं तेव्हा गाडीला हार घातलात. आणि त्या सगळ्या वर्षांत माझे रविवार शाबूत राहिले. तिचा हात मागायला आलो तेव्हा तुम्ही इतकंच म्हणालात, "पोरगा अर्धवट आहे, पण त्या दिवशी लालबागला न भांडता परत आला, म्हणजे सुधारतोय."

अप्पा, आपण होऊन नव्हतं ते.

मी स्वयंसेवकांना सांगितलं होतं की आत बसलेत ते आजच्या सभेचे वक्ते आहेत, गिरगावचे मोठे पुढारी, गाडी बंद पडलीये, पोचले नाहीत तर सभा खोळंबेल. दोन वाक्यांत तीन थापा. तो म्हातारा "तुमच्यासारखी माणसं" म्हणाला ते म्हणूनच. तुम्ही तुमचा शब्द मोडलात तो माझ्या थापेवर, आणि मी चिठ्ठी घेऊन शीळ वाजवत डॉक्टरकडे गेलो.

पण अजून थोडं आहे, आणि ते सांगायला मला जास्त आवडलं असतं. परळला तो मिशीवाला माझ्या बाजूला ढकलत होता. त्यानं बॉनेटवर हात ठेवला, बाटलीकडे बघितलं, तिच्यावरची पट्टी बघितली आणि हळूच विचारलं, "ह्येंचा भाषण खराच आसा काय रे?"

मी म्हटलं, "नाय."

"मगे?"

मी मानेनंच मागची सीट दाखवली. ती खिडकीतून तोंड बाहेर काढून, केस विस्कटलेले, बाटली सांडतेय का ते बघत होती. त्यानं एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मिशीत हसला. "तर असा सांग मां, मेल्या!" मग वळून सगळ्यांना त्यानं अशी हाळी घातली, "चला रे, लावा जोर!" की गाडी पळायलाच लागली. परळपासून भोईवाड्यापर्यंत तो सगळं समजून ढकलत होता. ओळख ना देख. एक माणूस तरी होता, अप्पा, आपण होऊन.

हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही किती हसला असता. पण हे सांगायचं तर आधी ती थाप सांगायला हवी होती, आणि तुम्ही गोष्ट सांगायला बसलात की तुमचा चेहरा असा उजळायचा की माझी जीभच उचलायची नाही. पोरं जेवून आली, हाका मारतायत. हे पान मी फाडून टाकणार आहे. घरी नेलं तर तिच्या हाती लागेल, आणि तिला मी अजून सांगितलेलं नाही. डोकं अजून तापट आहे माझं, कुणालाही भिडतो, पण तिला हे सांगायची मला छाती होत नाही.